तेरा ते एकोणीस

लंकाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"पुन्ना वाच."

तिच्या लेकीने, साळूने, वही उजेडाकडे धरली. तिसगावच्या शाळेत एलिझाबेथबाईंनी कालच हे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून दिले होते.

"अंगावर पितं ते इन्फंट. मंग बारापत्तुर चाइल्ड. तेरा ते एकोनीस टीनेजर. म्होरं अ‍ॅडल्ट."

लंकाबाईला नवलच वाटलं. वस्तीवर दोनच शब्द होते. न्हाण येईतो पोर, आलं की बाई. साळूला श्रावणात न्हाण आलं आणि भादव्यात बन्सीने आपल्या पोरासाठी, मच्छिंद्रासाठी, मागणीचा निरोप धाडला. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा. दसऱ्यानंतर टोळी निघणार, त्याआधी मच्छिंद्राचा कोयता पुरा व्हायला हवा होता. तेरा वर्षांच्या साळूच्या शाळेचं काय होणार, हे सांगायला जोशी नको होता.

बन्सी आलाच. लंकाबाईच्या नवऱ्याने, सहादेवने, ओट्यावर घोंगडी अंथरली.

"पोरगी शानी झाली म्हनं," बन्सी म्हणाला. "मंग उशीर कशापायी? उरकून टाकू."

सहादेव होकाराची मान हलवणार, तोच लंकाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. परक्या माणसापुढे ती आजवर बोलली नव्हती. तिने चौकट धरली.

"एकोनीस सरल्याबिगर न्हाई."

"तवर आमचं पोरगं अर्धा कोयताच ऱ्हायचं व्हय?" बन्सी हसला.

"दुसरीकडं बघा, भाऊ. च्या ठिवते, पिऊन जावा."

बन्सी चहा न घेताच उठला. तो वळणाआड जाताच सहादेव भडकला.

"नाक कापलंस माझं! तेराव्या वर्साला तू माझ्यासंगं उसाच्या फडात हुतीस. पंधराव्याला ही साळू तुझ्या कडंवर हुती."

"हुते ना. इचारा, कशी हुते."

खाली मान घालून सहादेव घोंगडीची घडी घालत राहिला.

आत भाकरी करपली होती. लंकाबाई साळूजवळ बसली.

"मी फडात गेले तवाचा माझा शबुद कंचा गं?"

साळूने वहीवर बोट ठेवलं. "टीनेजर."

लंकाबाईला तो दोनदा जमला नाही, तिसऱ्यांदा जमला. डोळे भरून आले, ते तिने मनगटाने पुसले. मग परातीतलं पीठ तळव्याने सारखं करून तिने परात लेकीपुढे सरकवली.

"हितं लिव्ह," ती म्हणाली. "बघू तरी."