ठोकळ्यांवरची व्होल्वो

हिवाळ्यासाठी गाडी कशी झोपवावी, हे माझ्या नवऱ्याकडून शिकावं. ऑक्टोबर लागला की इल्पो आपल्या वडिलांची व्होल्वो शेजारच्या सुलोच्या कोठारात नेतो. जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो, चाकं काढून आमच्या तळघरात टांगतो, बॅटरी घरी आणतो. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत तारेचा चोथा कोंबतो आणि वरून जुनी चादर. मला ताप आला तरी इतक्या मायेनं पांघरूण घातलं नाही त्यानं कधी. आमच्या फिनलंडमधल्या या गावात सगळे पुरुष असेच, त्यामुळे माझी कुरकूर कोणी मनावर घेत नाही.

त्या मार्चमध्ये छपरांवरच्या बर्फावर पाऊस पडला. भिजलेल्या बर्फाचं ओझं भयंकर असतं. सकाळीच सुलोचा फोन आला.

"रायली, कोठाराचं छप्पर बसायला लागलंय. मधला खांब वाकलाय. इल्पोला म्हणावं, आत पाऊल टाकू नकोस."

निरोप सांगितला आणि तिथंच चुकलं. इल्पो तळघरातून चाकं काढायला लागला.

"चाकं कशाला? दोर बांधून ओढ की," मी म्हटलं.

"ठोकळ्यांवरून ओढली तर आदळेल. तळ फाटेल तिचा."

"आणि तुझं डोकं फुटलं म्हणजे?"

"टोपी घालतोय ना."

सुलोनं दाराशी ट्रॅक्टर आणून लावला, गाडीला दोर बांधायला दिला, पण स्वतः आत गेला नाही. शहाणा माणूस. इल्पो मात्र एकेक चाक बसवत होता, मग जॅक, मग ठोकळा बाहेर. शरदात जितक्या निगुतीनं त्यानं ती गाडी जखडून ठेवली होती, तितकाच आता वेळ लागत होता. वर लाकूड कण्हल्यासारखं करायचं आणि थांबायचं. थांबलं की जास्त भीती वाटे.

"इल्पो, बाहेर ये," मी दारातून म्हटलं.

"एकच राहिलंय."

"बाहेर ये म्हणते ना."

"आलोच."

वरून बर्फाचं पाणी गळायला लागलं. माझा जीव कासावीस झाला आणि रागही असा आला की बोलायची सोय नाही. हा माणूस माझ्या शब्दानं हलणार नाही, हे कळलं. मग मी आत शिरले, गाडीचं दार उघडलं आणि चालकाच्या जागेवर बसले. म्हटलं, आता पडू दे छप्पर. आपली बायको छपराखाली बसलेली बघून तरी हा पाना टाकेल, माझा हात धरून मला फरफटत बाहेर नेईल. तेवढंच मला हवं होतं.

इल्पोनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवंच होतं."

आणि शेवटचं चाक आवळायला तो खाली वाकला.

मी स्टिअरिंग धरलं. त्यानं शेवटचा ठोकळा काढला, हातानं खूण केली, ट्रॅक्टर गुरगुरला, गाडी हलली. तो बाजूनं चालत होता.

"डावीकडे घे. जपून, खांबाला घासेल."

आम्ही उजेडात आलो आणि मागं खांब मोडला. छप्पर आधी मधोमध खचलं, मग सगळं खाली आलं. बर्फाचा लोट आमच्या अंगावर आला. सुलो ट्रॅक्टरवरून धडपडत उतरला.

"थोडक्यात वाचलात रे," तो म्हणाला.

"हो ना," इल्पो म्हणाला. तो गाडीभोवती फिरत होता, पत्र्यावर हात फिरवत होता. "एक ओरखडा नाही."

मी उतरले. तशीच रस्त्याला लागले.

"रायली, कुठं चाललीस? थांब, बॅटरी आणलीय, लावतो. गाडीतूनच जाऊ."

"तू ये गाडीतून," मी म्हटलं.

गाडीचं दार मी सताड उघडंच टाकलं होतं. मागून दार लावल्याचा आवाज आला, अगदी हळू, जपून लावल्याचा. माझ्या मागं मात्र कोणी आलं नाही.