हळू चालू न शकलेले घड्याळ

मी एक जुने, खिशात ठेवायचे घड्याळ आहे. माझी काच तडकली आहे आणि किल्ली देताना मी कुरकुरते. मी घडले परदेशात, पण माझे आयुष्य गेले वसईच्या पाचूबंदरात, रॉबर्ट मास्तरांच्या खिशात. शाळेतली मुले माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहत.

रॉबर्ट आणि फ्लॉसी ही जुळी भावंडे. देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी फ्लॉसीला क्षयाने गाठले. त्यावर नवे औषध निघाले होते. बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी असलेला त्यांचा आलोशियस मामा ते घेऊन विलायतेहून निघालाही होता. पण डॉक्टर म्हणाले, "बोट येईपर्यंत ही तग धरेल असे वाटत नाही."

फ्लॉसीने भावाचा हात धरला.

"रॉबर्ट, तू सांगितलंस ना, जो लय वेगान जातो त्याचा वेळ कमी सरतो? मना घेऊन चल कुठंतरी, वेगान. बोट येईल तवर माझे दिवस कमी सरतील."

"अगं, त्याला प्रकाशासारखा वेग लागतो. जन्मभर आगगाडीत बसलीस तरी पापनी लवन्याएवढा पन फरक नाय पडनार."

"पन पडंल ना थोडा?"

रॉबर्टला खोटे बोलवेना. "पडंल," तो म्हणाला.

"मग चल."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला गोधडीत गुंडाळून होडीत नेले. शिडात वारा भरला. फ्लॉसीने मला कानाशी धरले.

"हळू चालतंय का रे?"

"आपल्याला नाय कळनार. आपन त्याच्यासंगतीच चाललोय," एवढे बोलून रॉबर्टने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

मित्रांनो, त्या दिवशी मी कायमचे बंद पडायलाही तयार होते. पण मी थांबल्याने तिचा आजार थोडाच थांबणार होता?

बोट धक्क्याला लागण्याआधीच फ्लॉसी गेली. औषध हाती आले तेव्हा रॉबर्ट ते समुद्रात भिरकावायला निघाला. वाटेत शेजारीण मालन उभी होती. तिची मुलगी चंद्रकांताही रक्त ओकत होती. मालनने पदर पसरला. रॉबर्टने बाटल्या तिच्या पदरात टाकल्या.

चंद्रकांता वाचली. फ्लॉसी गेली त्या वयाच्याही ती आता पुढे गेली आहे. रॉबर्टचे केस पिकले आहेत.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण घरात कोणी खोकत असेल, तर औषध उद्यावर टाकू नका. मला फ्लॉसीसाठी एक क्षणही वाचवता आला नाही.