वस्तीत कोणीही आढळले नाही

टाचणीला सकाळपासून एका जागी बसवेना. बारीक चण आणि टोचून बोलणं, यामुळे कचेरीच्या दप्तरखान्यात तिला हेच नाव पडलं होतं. पलीकडच्या खोलीत आज तिच्याच माणसांच्या, खाणवाल्यांना हव्या असलेल्या जमिनीची सुनावणी चालू होती. कायदा सरळ होता: डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची जमीन कोणी काढून घ्यायची नाही. फक्त ते तिथे राहतात हे दिसायला हवं. आणि पाहणीच्या अहवालात एकच ओळ होती: वस्तीत कोणीही आढळले नाही.

आढळणार कुठून? त्या दिवशी अख्खी वस्ती इथेच, कचेरीच्या आवारात दावे नोंदवायला बसली होती. "एकूण एक या, कोणी मागे राहू नका," हा निरोप टाचणीनेच धाडला होता. आपणच आपल्या माणसांच्या पायावर धोंडा पाडला, हे तिला आतून खात होतं.

त्या दिवसाचं हजेरीपुस्तक तेवढं सापडायला हवं होतं. तिने तिसरं कपाट उपसलं, चौथं उपसलं.

"उंदीर शोधताय का, टाचणीबाई?" मोठ्या लिपिकाने विचारलं.

"उंदीर असता तर एव्हाना सापडला असता," ती म्हणाली.

पुस्तक खिडकीत होतं. तावदान वाजू नये म्हणून कोणा दीडशहाण्याने ते फटीत कोंबलं होतं. तारीख तीच, खाली एकसष्ट अंगठे. ती धावतच सुनावणीच्या खोलीत शिरली.

न्यायाधीशबाईंनी दोन्ही तारखा ताडून पाहिल्या. खाणवाल्यांचा वकील "पण" म्हणाला आणि खाली बसला. पाहणी रद्द झाली. नवी पाहणी होईपर्यंत जमिनीला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

टाचणीचा जीव भांड्यात पडला. बाहेर तिने काकांना गाठलं, तरी नजर वस्तीतून आलेली माणसं मोजतच होती.

"काकू दिसत नाही. बरं नाही का तिला?"

"ठणठणीत आहे. घरी ठेवलीय." काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आता कोणीतरी मागे राहायचंच. लग्न असो, मयत असो. साहेब कधीही येतील, त्यांना माणूस दिसला पाहिजे. पाळ्या लावल्यात."

सात वर्षांत टाचणी डोंगर चढली नव्हती. कागदावर रविवारपुढे तिचं नाव होतं, कचेरीतलं नव्हे, घरचं.

"येशील ना?" काकांनी विचारलं. "की तूही आढळायची नाहीस?"