अंगावर खाच असलेली काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मोजपट्टी आहे. पूर्वी मी चांगली मीटरभर लांब होते, आता तेवढी उरलेली नाही. माझ्या ॲल्युमिनियमच्या कवचावर एका बाजूला करवतीची खाच आहे. कोणी पाहुणा आला की ती बघून विचारतो, "ही पडली होती का कुठे?" पडले वगैरे काही नव्हते. ती खाच म्हणजे दोन हुशार म्हाताऱ्यांची चूक आहे, आणि तिचीच हकीकत मला सांगायची आहे.

तुमच्या दप्तरातल्या पट्टीशी मात्र माझी तुलना करू नका, मला राग येतो. माझ्या काचेवर इतक्या बारीक रेघा आहेत की तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत तीन-चार सहज मावतील. माझ्या अंगावरून तळहाताएवढा एक गाडा सरकतो. त्याच्या पोटात दिवा असतो. सरकता सरकता तो माझ्या रेघा मोजतो आणि तारेतून भिंतीवरच्या डब्याला कळवतो. डब्यावर लाल आकडे उमटतात. मशीनचं टेबल नेमकं किती सरकलं, ते चाक फिरवणाऱ्याला तिथे वाचता येतं. काम नाजूक आहे, म्हणून मी जरा नखरेल आहे. धूळ, तेल आणि पावाचा चुरा मला खपत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंडगार खोलीत झाला. तिथली माणसं डोक्याला कापड बांधून वावरत आणि शिंक आली तर बाहेर जात. तिथून जहाजाने मी अर्जेंटिनात आले, सांता फेच्या मुलखात. इकडे माणसांपेक्षा गाई जास्त. ज्या कारखान्यात मला आणलं तिथे दूध काढायच्या यंत्रांचे भाग बनत. तिथल्या मोठ्या मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या पात्याने धातू कोरणाऱ्या यंत्रावर, मला बसवलं. ते मशीन चालवत होता देल्फोर.

देल्फोरचा हात सगळ्या कारखान्यात नावाजलेला होता, आणि त्याला माझं तोंडही बघायचं नव्हतं. सकाळी आला की तो आपली टोपी काढून माझ्या आकड्यांच्या डब्यावर अडकवायचा. "ही आंधळ्यांची काठी आहे," तो म्हणायचा. "ज्याला डोळे आहेत त्याने चाकावरच्या रेघा वाचाव्यात." सगळे हसायचे. मी टोपीखाली बरोबर आकडे दाखवत बसायचे आणि ते कोणी वाचायचं नाही. मला फार वाईट वाटायचं.

शेजारच्या मशीनवरचा एल्व्हियो मात्र माझी बाजू घ्यायचा. देल्फोर त्याला 'लुकड्या' म्हणतो. तरुणपणी तो लुकडा असेलही, आता त्याला दारातून आत येताना अंग तिरकं करावं लागतं. देल्फोर जेवायला गेला की एल्व्हियो हळूच टोपी उचलायचा, माझे आकडे देल्फोरच्या कामाशी ताडून बघायचा आणि म्हणायचा, "दोघंही बरोबर. एक बोलत नाही, दुसरा ऐकत नाही."

पुढे कारखाना बंद पडला. मोठं मशीन भंगारात गेलं. एल्व्हियोने साहेबांना विचारून मला आणि डब्याला सोडवून घेतलं, पोत्यात गुंडाळलं आणि घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं. तिथे मी कित्येक वर्षं पडून होते. कोंबड्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

यानंतरचं थोडं मला मागाहून कळलं, देल्फोरच्या बायकोच्या, ओनेलियाच्या, बोलण्यातून. देल्फोरने घरामागच्या शेडमध्ये एक लहान मिलिंग मशीन केव्हाच घेऊन ठेवलं होतं. कारखाना सुटल्यावर तो त्यावर गावाची कामं करू लागला. कोणाचा पंप, कोणाच्या ट्रॅक्टरचा तुकडा, सगळे त्याच्याकडे यायचे. मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले, नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. त्याने हे कोणाला सांगितलं नाही.

गावातल्या आगीच्या बंबाच्या पंपाला त्याने एक झाकण करून दिलं, तेव्हा ते उघडं पडलं. भोकं जरा सरकली होती. त्याने चाकावरची रेघ चुकीची वाचली होती. पंप गळू लागला. बंबावरची पोरं काही बोलली नाहीत, ते झाकण बांधून-चिकटवून वापरत राहिली. कोणी बोललं नाही हेच देल्फोरला जास्त लागलं. त्याने मशीनवर ताडपत्री टाकली. त्याचा मुलगा फाबियान रोसारिओला असतो. बाबांची बोटं मशीनमध्ये जातील या काळजीने त्याची झोप उडाली होती. त्याने कोर्दोबाचं एक गिऱ्हाईक शोधलं. ते शनिवारी ट्रक घेऊन मशीन न्यायला येणार असं ठरलं.

इथे येर्बा नावाच्या पाल्याचा कडू काढा सगळे मिळून पितात, एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने. एक जण गरम पाणी ओतत राहतो आणि भोपळा आळीपाळीने फिरतो. पिऊन परत देताना गप्प राहिलात तर तो पुन्हा तुमच्याकडे येतो. "आभारी आहे" म्हणालात तर तुमचं पुरे झालं, आता तुम्हाला वगळायचं. देल्फोर पूर्वी किटली रिकामी होईपर्यंत बसायचा. आता पहिल्याच भोपळ्याला तो "आभारी आहे" म्हणायचा आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचा. ओनेलियाला त्या दोन शब्दांची धडकी भरली होती.

अशात त्या आठवड्यात एल्व्हियो मला घेऊन त्यांच्याकडे आला. पोतं त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"काय आहे ते?" देल्फोरने विचारलं.

"ओळख बघू."

देल्फोरने पोत्यात हात घातला. त्याची बोटं माझ्या कवचावरून फिरली आणि थांबली. "आंधळ्यांची काठी," तो म्हणाला.

एल्व्हियोने पोतं बाजूला केलं. मग म्हणाला, "हो. तुझ्यासाठीच आणली."

ओनेलिया चुलीपाशी होती, तिने पळी खाली ठेवली. मला वाटलं आता हा माणूस मला उचलून अंगणात फेकणार. पण देल्फोर माझी लांबी बोटांनी चाचपत राहिला.

"माझं टेबल एवढंसं आहे. ही बसायची नाही."

"मग कापू."

"काच कापणार? तू? तुझे हात बघ आधी. भोपळा धरतोस तर अर्धा येर्बा तुझ्या पँटवर."

"हात तुझे, डोळे माझे. दोघांचा मिळून एक धड माणूस होतो का बघू."

"आणि फुटली तर?"

"फुटली तर शनिवारी तो कोर्दोबावाला येतोच आहे."

देल्फोरने पोतं पुन्हा माझ्यावर ओढलं. मग म्हणाला, "उद्या दुपारी ये. सगळे झोपल्यावर."

दुपार त्यांनी मुद्दाम निवडली होती. त्या वेळी सगळं गाव वामकुक्षी घेतं, दुधाचे टँकर रस्त्यावरून जात नाहीत आणि शेडची जमीन थरथरत नाही. ओनेलियाला ते पसंत नव्हतं.

"झोपेच्या वेळी करवत चालवणार? शेजारी काय म्हणतील?"

"सांग त्यांना, देल्फोर घोरतोय," एल्व्हियो म्हणाला.

दोघांनी माझी टोकांची टोपणं काढली आणि गाडा अलगद बाहेर ओढला. तो मळू नये म्हणून ओनेलियाच्या इस्त्रीच्या रुमालावर ठेवला. माझ्या पोटात धातूचा कीस जाऊ नये म्हणून फटी चिकटपट्टीने बंद केल्या. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग मोजणी सुरू झाली. देल्फोरने चाक फिरवून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, एल्व्हियोने अंतर घेतलं.

"प्ले धरलास का?" देल्फोरने विचारलं. जुन्या मशीनचा स्क्रू झिजलेला असतो. चाक थोडं फिरतं पण टेबल हलत नाही, त्याला हे लोक प्ले म्हणतात.

"धरला."

"कमी धरलास. माझ्या स्क्रूचा प्ले मला माहीत आहे."

"तुझा स्क्रू तुझ्यासारखाच आहे, आधी फिरतो, मग विचार करतो. धरलाय मी."

"पुन्हा मोज."

किटली थंड होईपर्यंत ते त्या प्लेवरून भांडले. भांडण कागदाच्या जाडीवरून चाललं होतं. शेवटी एकमत झालं, एल्व्हियोने माझ्या कवचावर खूण केली आणि देल्फोरने करवत लावली.

मित्रांनो, ती खूण चुकली होती. मला ते कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. टेबल सरकतं तेवढीच लांबी त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. पण माझ्यावर गाडा बसायचा असतो, आणि त्याला स्वतःचं तळहातभर अंग आहे. तेवढी जागा त्यांनी सोडलीच नव्हती. आयुष्यभर पोलादी पट्टीने मोजलेली माणसं ती. त्या पट्टीवर कोणी राहत नाही, रेघेपासून रेघेपर्यंत मोजलं की झालं. त्यांनी तशीच मला मोजली. करवतीचे दात कवचात शिरले. तिथे कापली गेले असते तर मी जन्माची वाया गेले असते, आणि दुसरी पट्टी गावात कोणाकडेच नव्हती.

तेवढ्यात ओनेलिया दारात आली. "माझा रुमाल कुठे नेलात?" असं म्हणत तिने रुमालावरचा गाडा उचलला. "आणि हा कुठे ठेवू?"

"सांभाळून. तो त्या पट्टीवर बसतो," एल्व्हियो म्हणाला.

"कापून उरेल त्या पट्टीवर?"

"हो ना. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जा..." एल्व्हियोचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

करवत थांबली.

"म्हणजे सरकायचं किती ते मोजलंत," ओनेलिया म्हणाली, "आणि सरकणारा मोजलाच नाहीत."

एल्व्हियोने गाडा तिच्या हातातून घेऊन खुणेपाशी धरला. मग देल्फोर हसायला लागला. आधी खांदे हलले, मग मोठ्याने हसू आलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "लुकड्या, केसाएवढ्या प्लेवरून भांडलो आणि विटेएवढा गाडा विसरलो!" ओनेलियाने त्याला कित्येक महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं. ती रुमाल घ्यायला आली होती, पण रुमाल तिथेच राहिला आणि तीही तिथेच थांबली.

दुसरी खूण पुढे केली, गाड्याला धरून. पहिली खाच माझ्या राहिलेल्या अंगावर तशीच राहिली.

कवच कापून झालं. काच धरून ठेवणारा मऊ डिंक त्यांनी गिटारच्या पातळ तारेने कापला आणि नको असलेलं कवच ओढून काढलं. आता माझी उघडी काच बाहेर डोकावत होती. एल्व्हियोने खुणेला लाकडाची चीप धरली. देल्फोरने काच कापायची हिरकणी हातात घेतली. रेघ एकदाच ओढायची असते, दुसऱ्यांदा फिरवली तर काच कुठेही तडकते. देल्फोरने डोळे मिटले.

"अरे, बघून तरी कर," एल्व्हियो म्हणाला.

"बघून काय मिळणार आहे? ऐकू दे मला."

हिरकणी चिपेला टेकून फिरली. सर्रर्र असा एकसारखा आवाज आला, कुठे तुटला नाही. देल्फोरने मान हलवली. मग माझं टोक रुमालात धरलं आणि खाली दाबलं. टक्क आवाज झाला.

काचेला दुखत नाही मित्रांनो, पण भीती वाटते. मी शहारले. मग एल्व्हियो म्हणाला, "सरळ आहे. सुतासारखी सरळ," आणि मी श्वास सोडला. तुटलेला तुकडा ओनेलियाने उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. ऊन आलं की माझ्या त्या रेघांमधून भिंतीवर रंग पडतात.

त्या संध्याकाळी फाबियानचा फोन आला. त्याला सगळं कळल्यावर तो चिडला. "आई, त्यांना दिसत नाही. बोट गेलं तर? तू तरी समजून घे."

"मला कळतं रे तुझं," ओनेलिया म्हणाली. "बाबाला किती दिसतं ते तू मोजलंस, चांगलं केलंस. मशीन गेल्यावर बाबा दिवसभर कुठे बसणार, ते मोजलंस का?"

फाबियानने विचारलं, "फिरत्या पात्यावर जाळी तरी बसवाल का?" जाळी बसवली, आता तीही माझ्या शेजारी असते.

मला मशीनवर चढवलं. लाल आकडे एवढे मोठे की देल्फोरला मान जरा वळवून, नजरेच्या कडेने, नीट वाचता येऊ लागले. पहिलं काम त्याने तेच घेतलं, बंबाच्या पंपाचं झाकण. जुनी सवय म्हणून तो प्लेसाठी चाक थोडं जास्त फिरवायचा. माझ्या हिशेबात प्ले नसतोच, मी सरळ टेबल मोजते. आकडे पुढे जायचे आणि तो माझ्यावर गुरगुरायचा, "मला शिकवतेस?" पण चाक मागे घ्यायचा. भोकं जागच्या जागी बसली. पंप गळायचा थांबला. शनिवारी कोर्दोबावाला आला, मशीन चालू बघून शेडच्या दारातच उभा राहिला आणि रिकामा ट्रक घेऊन परत गेला.

देल्फोरची टोपी आता खिळ्याला असते, माझ्या डब्यावर नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी पूर्वीपेक्षा कमी चालत असेल, कमी बघत असेल. एखादं यंत्र असेल, एखादं माणूस असेल. त्याला अडगळीत टाकू नका. कापायचंच असेल तर बेतून कापा, आणि कापण्याआधी त्याला स्वतःला बसायला जागा किती लागते तेवढं विचारा. माझ्या अंगावरची खाच मी कोणाला पुसू देत नाही ती याचसाठी.

आता मला थांबायला हवं, काम चालू आहे. ओनेलिया भोपळा घेऊन आली आहे. देल्फोरने आकड्यांवरची नजर न काढता येर्बा ओढला आणि भोपळा तिच्या हातात दिला. ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तो काहीच बोलला नाही. मग ती स्टुलावर बसली आणि तिने पुन्हा पाणी ओतलं.