जांभळ्या कोबीचं पाणी

कोरियातल्या नाजू गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बोरामचा उद्या उघडा तास होता. म्हणजे पालक आणि मुख्याध्यापक मागे खुर्च्या टाकून बसतात आणि बाईचा घाम बघतात. तास फसला तर पुढच्या वर्षी विज्ञान नाही, ग्रंथालय सांभाळायचं, असं मुख्याध्यापक क्वाक यांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं.

विज्ञानाच्या मास्तरांची एक वेबसाइट आहे. देशभरचे मास्तर तिथे आपापले प्रयोग आणि व्हिडिओ फुकट टाकतात. बोरामने तिथलाच एक प्रयोग उचलला. जांभळ्या कोबीचं पाणी काढायचं. आंबट घातलं की गुलाबी, सोडा घातला की निळं. तिने पाणी काढून डब्यात भरलं आणि डबा घरातल्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याच्या, फ्रिजमध्ये ठेवला.

आता सासूच्या किमचीच्या फ्रिजमध्ये सुनेने न विचारता डबा सारावा, ही कुठली रीत? सासूने, म्हणजे मालसुनने, झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं. ना मीठ, ना आंबटपणा. सून पाण्याची किमची करायला निघाली आणि हे असलं अळणी! तिने मीठ घातलं, व्हिनेगर ओतलं, लसूण ठेचून टाकला, वर नासपतीच्या फोडी. पाण्याला गुलाबी रंग चढला, तसं तिला आपल्याच हाताचं कौतुक वाटलं.

सकाळी बोराम तोच डबा उचलून शाळेत गेली. मालसुनही गेली. त्या वर्गात तिचं कुणीच शिकत नव्हतं, तरी पालकांच्या पहिल्या खुर्चीत बसली. उठवायची कुणाची छाती झाली नाही.

"हे बघा जांभळं पाणी," म्हणत बोरामने डबा काचेच्या भांड्यात ओतला. गुलाबी पाणी पडलं, मागोमाग नासपतीची फोड.

"बाई, लसणाचा वास येतोय," एक पोरगी म्हणाली.

बोरामने मागे पाहिलं. सासू छताकडे बघत होती.

"आई, काय घातलंत ह्यात?"

मालसुनला नाकबूल जाता आलं असतं, पण मग ती चव दुसऱ्याच्या नावावर गेली असती.

"व्हिनेगर. तुझं पाणी म्हणजे पाणीच होतं."

बोराम वर्गाकडे वळली. "ऐकलंत, मुलांनो? मग गुलाबी का झालं?"

"आंबटामुळे!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि आता निळं करायचं तर?"

"सोडा!"

घाबरलेल्या बोरामने अख्खी पुडीच उपडी केली. नेमके त्याच वेळी क्वाकसाहेब चव बघायला चमचा घेऊन वाकले होते. निळा फेस भांड्याबाहेर उसळला आणि साहेबांच्या टायवरून बुटांपर्यंत उतरला. पोरं बाकांवर चढून नाचायला लागली.

साहेबांनी टाय पिळला. "बोरामबाई, तुम्ही विज्ञानच शिकवा. माझ्या पुस्तकांजवळ फिरकू नका."

संध्याकाळी बोरामने आपला प्रयोग त्या वेबसाइटवर टाकला. सासू शेजारी बसून होती, म्हणून लसणासकट. तासाभरात कुणा मास्तराने खाली विचारलं, लसूण कशाला?

"लिही," मालसुन म्हणाली, "तुमच्या घरी कुणी शिकवलं नाही वाटतं."

बोरामने निमूटपणे लिहिलं.