उसना म्हातारा

किळस कुठून सांगायला घेऊ? माशापासून घेते.

शुक्रवारची संध्याकाळ. बारमध्ये नेहमीचा तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, ब्रँडी. टॉडच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. त्यानं बोटं ब्रेडला पुसली, तो ब्रेड खाल्ला आणि कर्टला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, विचारलं:

"तुझ्या म्हाताऱ्याकडे किती आहेत रे?"

गोठ्यात गाई किती, असं विचारावं तसं.

"सोळा," कर्ट म्हणाला.

टॉडनं शीळ घातली. त्यांच्यातला तिसरा, रस्टी, पुढे वाकला. "सोळा! आणि चालतो का अजून?"

"चालतो. म्हणजे, लंगडतो."

"चालायला कशाला हवाय? हो म्हणाला म्हणजे झालं."

तिघं हसले. मी पलीकडच्या टेबलावर त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. ताटातला मासा तसाच टाकून उठले.

*

सोळा पॉइंट.

आम्ही विस्कॉन्सिनची माणसं. वायोमिंगच्या डोंगरात जाऊन एल्क मारायचा म्हणजे आम्ही तिथे परके. (एल्क म्हणजे सांबराच्या जातीचा, पण अंगानं घोड्याएवढा.) तिथल्या माणसाला परवाना सहज मिळतो. परक्यानं दरवर्षी अर्ज करायचा, वर्षाला एक पॉइंट गाठीला बांधायचा आणि वाट बघायची. चांगल्या विभागासाठी ज्याचे पॉइंट जास्त तो रांगेत पुढे. परवाना मिळाला की सगळे पॉइंट शून्य. परत पहिल्यापासून.

इथवर ठीक. पुढे घाण आहे.

चौघांनी गटानं अर्ज केला तर चौघांच्या पॉइंटांची सरासरी धरतात. तीन शून्यवाले आणि एक सोळावाला, की प्रत्येकाला चार. चारमध्ये बऱ्यापैकी विभाग मिळतो. कधी रांगेत उभं न राहिलेली तीन धट्टीकट्टी माणसं एकदम मधे घुसतात, आणि ज्यानं जन्मभर वाट बघितली तो त्यांच्याबरोबर शून्यावर येतो.

आमच्याकडे याला म्हातारा उसना घेणं म्हणतात. शिकार झाली की त्याच्या घरी एल्कची एक मागची तंगडी पोचती करतात. तशी रीत आहे. लोक ही रीत हसत हसत सांगतात, चर्चच्या कॉफीलासुद्धा.

*

आता आमचा म्हातारा.

नाव ऑर्विल. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. फार वर्षांपूर्वी भावाच्या मयतीला आयडाहोला निघाला असताना वायोमिंगमध्ये पहाटे टायर फुटला. टायर बदलता बदलता वरच्या दरीतून एल्कची साद आली. ते ओरडणं बाबांनी मला कितीदा करून दाखवलंय, ते नीट जमत नाही, शेवटी खोकला येतो. टायर बदलून झाला तरी ते तिथेच बसून राहिले. मयतीला उशिरा पोचले. काकू त्यानंतर त्यांच्याशी कधी धड बोलली नाही.

त्या दरीचा विभाग त्यांना हवा होता. दुसरा नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, कमी पॉइंटांत दुसरीकडे मिळेल की." तर म्हणाले, "दुसरीकडे मी कुणाला ओळखत नाही."

या वर्षी सोळा पॉइंट पुरत होते. गेल्या वर्षी पंधरावाल्यांनासुद्धा तो विभाग मिळाला होता. आणि गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला होता, या शरद ऋतूत काय घोड्यावर बसायचं ते बसून घ्या, हिवाळ्यात मी हा गुडघा कापून बदलणार, मग घोडा विसरा.

म्हणजे हेच वर्ष होतं.

*

कर्ट आला तो बिअर आणि चीज घेऊन. आई गेल्यापासून तो घरात काही घेऊन आलेला मी पाहिला नव्हता.

"बाबा, किती वर्षं झाली आपण एकत्र शिकारीला जाऊन?"

"तुझ्या लग्नाआधी गेलो होतो."

"तेच म्हणतोय. या वेळी आपण सगळे जाऊ. मी, तुम्ही, टॉड, रस्टी. रात्री शेकोटी, पत्ते. तुमचा तो रश्श्याचा टोप घ्या बरोबर."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी म्हटलं, "गटात गेले तर त्यांचे सोळाचे चार होतील. चारमध्ये त्यांची दरी मिळणार नाही."

"अगं मार्लिस, एल्क तो एल्क. त्याच्या कपाळावर दरीचं नाव लिहिलेलं असतं का?"

"तुझ्याकडे शून्य का आहेत रे? दरवर्षी अर्ज का नाही केलास?"

"मला कामं असतात, बाई. तुझ्यासारखं शाळेची बस चालवून घरी येऊन बसत नाही मी."

"भांडू नका," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर्टबरोबर जायचंय मला. भर गटाचा अर्ज."

मी भरला. त्यांना संगणक जमत नाही, दरवर्षी मीच भरते.

उंची. बाबा जुनी सांगतात, मी तीच लिहिते.
वजन. "थोडं कमी टाक."
डोळ्यांचा रंग. निळा. (आता मोतीबिंदूनं दुधाळ झालाय. तसा पर्याय नाही.)
गटाचा क्रमांक. कर्टनं तो फोनवर पाठवून ठेवलाच होता, आधीपासून.

पाठव.

शिसारी येते म्हणजे नक्की कुठे येते ते मला त्या दिवशी कळलं. जिभेच्या मुळाशी.

*

मग टॉडची बायको भेटली, दुकानात, मांसाच्या काउंटरवर. भोळी बाई आहे. समोरच्याला हे माहीतच असणार, असं धरून बोलते.

"तुझ्या बाबांचे फार उपकार गं," ती म्हणाली. "टॉड नुसता नाचतोय. तीन घोडे सांगून ठेवलेत तिकडे."

"चार."

"काय चार?"

"माणसं चार आहेत ना? घोडे चार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम डुकराच्या मांसाकडे वळली. "मला वाटलं तुला... अगं, ते कुठे येणार त्या वयात? त्यांना तंगडी देणार आहेत. चांगली देणार आहेत हं, टॉडनं सांगितलंय."

काउंटरमागचा माणूस तिला विचारत होता, चरबी ठेवू का काढू.

*

फोन. मी बस डेपोत उभी होते, कर्ट गाडीत होता.

"तीन घोडे?"

"कोण म्हणालं तुला?"

"तीन की चार, कर्ट?"

"हे बघ. नीट ऐक. दहा हजार फूट उंची, त्यात थंडी. त्यांचं हृदय बंद पडलं तर? मी त्यांना वाचवतोय, मार्लिस."

"मग त्यांना सांग तसं."

"सांगणार आहे की."

"कधी?"

"परवान्यांची सोडत लागली की."

"पॉइंट गेल्यावर."

"आता सांगून उगाच त्यांचं मन कशाला मोडायचं? मे महिन्यापर्यंत खुशीत राहू देत."

थुंकावंसं वाटलं. थुंकले. डेपोतल्या बर्फावर. ड्रायव्हर लोक बघत होते, बघू देत.

*

अर्जाचा शेवटचा दिवस. रात्री बारापर्यंत अर्ज मागे घेता येतो, बदलता येतो. बाबांचा संकेतशब्द माझ्याकडे होता. एका बोटाचं काम होतं, त्यांना कळलंही नसतं.

आणि मग त्या तिघांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता? तेही बाबांना न सांगता बाबांना वापरत होते.

दुपारीच गेले. बाबा हरणाच्या मांसाचं सॉसेज करत होते. यंत्रात मांस घालायचं, हँडल फिरवायचं. मी सगळं सांगितलं. बार, टॉडची बायको, घोडे, फोन. त्यांनी हँडल थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर म्हणाले, "कर्ट असं करणार नाही."

"विचारा त्याला."

त्यांनी हात धुतले. नखांत अडकलेलं मांस काढलं. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून. मी दोषी असल्यासारखी.

"कर्ट, माझ्या घोड्याचं काय केलंस?"

"केलंय की, बाबा! मस्त घोडा. भुरी घोडी आहे, डेझी नाव. एकदम गरीब. तुमच्यासाठी मुद्दाम सांगून ठेवलीय."

"डेझी."

"हो. म्हातारी आहे, पण पायाची पक्की. तुमच्यासारखीच, हा हा!"

"बरं," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. विश्वास बसला यांचा. मी पाण्याचा पेला घेतला.

बाबा उभेच होते. "मार्लिस, फोनवर घोडा देत नाहीत."

"म्हणजे?"

"तिकडचे घोडेवाले फोनवर नुसता आकडा लिहून घेतात, माणूस बघितल्याशिवाय घोडा देत नाहीत. गेलं की अंगणात उभं करतात, आपलं वजन बघतात, पाय बघतात, खोगिरावर बसवून बघतात. मग ठरतं कोणाला कोणतं जनावर. नाव तर तेव्हाच कळतं." ते खुर्चीवर बसले. "नुसतं 'बघू' म्हणाला असता ना, तर मी मानलं असतं. नाव कशाला सांगितलंन?"

मी पेला खाली ठेवला.

"रंगसुद्धा सांगितलान."

यंत्राच्या तोंडातून मांसाचा लोंबता धागा बशीत पडला. मी तिकडे बघायचं टाळलं.

"गटातून काढ मला," बाबा म्हणाले. "एकट्याचा भर."

मी भरला. पहिली पसंती, दरी.

"दुसरी पसंती विचारतायत, बाबा."

"रिकामी सोड."

*

गटातून नाव काढलं की बाकीच्यांना फोनवर निरोप जातोच. अंधार पडायच्या आत कर्टचा ट्रक अंगणात आला. बूटही न काढता आत शिरला. बर्फाचं पाणी स्वयंपाकघरभर.

"बाबा, हे काय? आज शेवटचा दिवस आहे! टॉडनं घोड्यांचे आगाऊ पैसे भरलेत!"

"मी एकटा जातोय. माझ्या दरीत."

"एकटे? त्या गुडघ्यानं? हिनं भरवलं ना तुमच्या डोक्यात?"

"डेझीनं भरवलं," बाबा म्हणाले.

कर्ट लाल झाला. मग चेहरा बदलला, बिअर आणि चीज घेऊन आला होता त्या दिवशीचा केला. डोळ्यांदेखत. माझ्या भावाला दोन चेहरे होते आणि तो ते खिशातल्या किल्ल्यांसारखे काढत होता.

"बाबा, तुमच्या काळजीनंच केलं हो सगळं."

"ठीक आहे. काळजी आहे ना? मग तू ये माझ्याबरोबर." बाबा पुढे झुकले. खरंच विचारत होते ते. सगळं कळूनसुद्धा. "मला परवाना लागला तर तू ये. तुझ्याकडे परवाना नसेल, तर बंदूक नको आणू. तंबू ठोकायला, मला खोगिरावर चढवायला. रात्री पत्ते खेळू. तूच म्हणालास ना, शेकोटी?"

कर्टनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. आपली चेष्टा चाललीय की काय असं वाटलं असावं त्याला.

"बंदुकीशिवाय?"

"हो."

"बंदुकीशिवाय तिथे येऊन मी काय करू?"

बाबांनी मान हलवली. रागानं नाही. दुधाच्या टँकरवर असताना एखाद्या डेअरीत आंबलेल्या दुधाचा वास आला की ते अशीच मान हलवायचे आणि टाकीचं झाकण न उघडता पुढे जायचे.

"जा मग," ते म्हणाले.

कर्ट गेला. जाताना दार नीट लावलं नाही, थंडी आत येत होती. ट्रकपाशी उभा राहून तो फोनवर बोलत होता, आणि आमच्याकडे बर्फ पडला की सगळं गप्प होतं, त्यामुळे शब्द न् शब्द आत आला.

"टॉड? म्हातारा फिरला. हो. सगळं बोंबललं. ऐक, तुझ्या बायकोचा तो काका, वृद्धाश्रमातला, त्याची मुलगी त्याच्या नावानं अजून पॉइंट घेते ना? किती झाले? ... काय सांगतोस! ... मग आत्ताच्या आत्ता जा ना तिकडे. ... ओळखत नाही कुणाला? अरे, मग तर उत्तमच."

मी उठून दार लावलं. कडी घातली. मागे हँडल परत फिरायला लागलं होतं.

"मीठ दे," बाबा म्हणाले.