तिसरं रीळ

"बाई, आज सुट्टी घ्या तुम्ही," मुकादम म्हणाला. तो दारातच आडवा उभा होता. मागे हातगाडीवर पत्र्याच्या डब्यांची चळत होती आणि ती तिला दिसू नये म्हणून तो उगाच अंग फुगवून उभा राहिला होता.

"सुट्टी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो. आज जो माल आलाय ना..." त्याने मान खाजवली. "तुमचीच चित्रं आहेत. मालकांनी मूकपटांचं अख्खं कपाट रिकामं करायला काढलंय. जागा हवीय म्हणे."

तिने एप्रनची गाठ मागे घट्ट केली.

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "आणा आत."

धुलाईच्या खोलीत तीन हौद होते. गरम पाण्यात सोडा घालायचा, रीळ उलगडून फिल्म आत सोडायची, वरचा चित्राचा थर मऊ पडला की ब्रशने घासायची. चित्र सुटून काळपट गाळ व्हायचा आणि हातात उरायची कोरी, पारदर्शक पट्टी. गाळातून चांदी निघायची, ती एका ठिकाणी जायची. पट्ट्या वितळवून कंगवे करायचे, त्या दुसऱ्या ठिकाणी जायच्या. चार बायका या कामावर होत्या. त्यांच्यात ती सगळ्यांत जुनी, आणि ती एके काळी पडद्यावर होती हे मुकादमाखेरीज तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रोज तेच तेच विचारत बसल्या असत्या.

दुसऱ्या हौदावरची बाई बडबडी होती. तिने पहिलंच रीळ उघडलं, उजेडाकडे धरलं आणि ओरडली, "अगं बाई बाई! काय डोळे आहेत हिचे! बघा तरी मावशी. असे डोळे असते तर मी इथे हात भाजत बसले असते का?"

"टाक आत," ती म्हणाली. "पाणी निवतंय."

एके काळी लोक तिला 'डोळेवाली' म्हणत. शहरभर भिंतींवर नुसते डोळेच चिकटवलेले असत. खाली नाव लिहायची गरज पडत नसे. स्टुडिओत तिला आणलं ते ताईने. ताई तिथे कपडेपटात शिवणकामाला होती. आईबाप लवकर गेलेले, घर ताईच्याच शिवणावर चाललेलं. एक दिवस दिग्दर्शकाला गर्दीत उभी करायला मुली कमी पडत होत्या, तर ताई म्हणाली, "माझी धाकटी आहे घरी. बोलत नाही फारसं, पण उभी राहील." ती सोळा वर्षांची होती. उभी राहिली. पुढे तिला जवळून दाखवू लागले. दिवे इतके प्रखर असत की डोळे सुजून लाल व्हायचे, मग घरी ताई त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि म्हणायची, "आपलं सगळं भांडवल इथे आहे बाई, जप."

एकविसाव्या वर्षी तिने सेटवरच्या रंगाऱ्याशी लग्न केलं. तो पडद्यांवर डोंगर आणि समुद्र रंगवायचा. मुलगी पोटात असतानाच तो कामाला म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. ती फार रडली नाही तेव्हाही. ताई होती, मुलगी झाली, घर भरलं.

पुढे तिला आईची भूमिका असलेलं ते चित्र आलं. एका प्रसंगात आईच्या कडेवर बाळ हवं होतं. ठरवलेलं बाळ त्या दिवशी आलंच नाही. दिग्दर्शक भोंगा हातात घेऊन येरझारा घालत होता. ताई पुढे झाली. "आमची आहे ना. आणते." त्या सकाळी पोरीचं अंग जरा कढत होतं. ताई म्हणाली, "दात येताहेत, दुसरं काय. पाच मिनिटांचं तर काम." त्या दिव्यांच्या झळेत पाच मिनिटं झाली, मग परत पाच, मग आणखी एकदा. संध्याकाळी त्या गार वाऱ्यातून घरी आल्या.

नवव्या दिवशी मुलगी गेली.

अकराव्या दिवशी ती सेटवर होती. रिकाम्या पाळण्याचा प्रसंग घ्यायचा राहिला होता. दिग्दर्शक चांगला माणूस होता, तो म्हणाला, "आठवडाभराने घेऊ." ताईच म्हणाली, "आजच घ्या. आज बसली तर परत उठायची नाही ती." कोपऱ्यात व्हायोलिनवाला रडवणारी धून वाजवत होता. भोंग्यातून हाका येत होत्या, "आता बघ पाळण्यात! आता रड! रड, बाई!" तिने पाळण्यातली दुपटी काढली, एकेक घडी घातली, एकावर एक रचली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं. भोंगा गप्प झाला. व्हायोलिनही थांबलं. कॅमेरावाला तेवढा हँडल फिरवत राहिला.

ते चित्र पाहून माणसं थिएटरात हुंदके द्यायची, म्हणे. असा अभिनय झाला नाही, असं छापून आलं. तिने ते चित्र पाहिलं नाही. पुढची सहा वर्षं तिला तेच काम मिळालं: न रडणारी आई, न रडणारी विधवा, न रडणारी बहीण. मग पडद्यावर माणसं बोलू लागली. तिचीही परीक्षा घेतली. तिने दिलेलं वाक्य नीट म्हटलं, उच्चार स्वच्छ होते. काचेमागून ध्वनीवाल्याचं बोलणं तिला ऐकू आलं. "आवाजात खोट नाही. पण आत कुणी आहेसं वाटत नाही."

तिला राग आला नाही. तिने मॅनेजरला विचारलं, दुसरं काही काम आहे का. आधी फिल्म जोडण्याच्या खोलीत बसवलं, तिथे माणसं कमी केली तेव्हा धुलाईत. एकदाही खाडा नाही.

डबे एकेक करून रिकामे होत होते. अकराच्या सुमारास आईच्या चित्राचे डबे आले. पहिलं रीळ बडबडीने घेतलं, दुसरंही. तिसरं तिने आपल्याकडे ओढलं. जोडकामातलं जुनं भिंग अजून तिच्या एप्रनच्या खिशात असे. ती खिडकीपाशी गेली आणि फिल्म बोटांतून सरकवू लागली.

बाळाचा तो प्रसंग तिसऱ्याच रिळात होता. कडेवर मुलगी, डोक्यावर टोपरं, एक मूठ आईच्या गळ्याशी. मुलगी भोंग्याकडे बघत होती. आणि ती स्वतः, बावीस वर्षांची, कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. एका बाजूला, चौकटीबाहेर कुणाकडे तरी पाहत होती. तोंड उघडं. पुढच्या चौकटीत ओठ जुळलेले. परत उघडे. ती काहीतरी बोलत होती. बरंच काही.

तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. काय बोलत होती, तिला आठवेना. त्या दिवशी आपण तोंड उघडलंच नाही, पोरीला घेऊन मुकाट उभ्या राहिलो, हे मात्र ती सत्तावीस वर्षं धरून होती. रोज उठून तेवढंच तिला पक्कं ठाऊक असे.

मुकादम कधी शेजारी आला तिला कळलं नाही. त्याने एकदा पट्टीकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. "हवा तर ठेवा तुकडा," तो हळूच म्हणाला. "नियमात बसत नाही. पेटणारा माल आहे. पण मी काही बघितलं नाही."

"जेवायची सुट्टी होऊ दे," ती म्हणाली.

ताई रोज दुपारी जेवण घेऊन फाटकाशी यायची. मोतीबिंदूने एक डोळा गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता, तरी भिंत चाचपत यायची. दोघी बाकावर बसल्या. ताईने झाकण उघडलं तेव्हा तिने रिळातून कापून आणलेला वारभर तुकडा ताईच्या मांडीवर ठेवला.

"हे काय गं?"

"तिसरं रीळ. मी आणि ती."

ताईचा हात झाकणावर तसाच राहिला. सत्तावीस वर्षांत 'ती' हा शब्द त्या घरात या अर्थाने कुणी उच्चारला नव्हता.

"मला आता एवढं बारीक दिसत नाही," ताई म्हणाली.

"भिंग आहे. मी काहीतरी बोलतेय त्यात. कुणाकडे तरी बघून. तू होतीस ना तिथे? काय बोलत होते मी?"

ताईने भिंग घेतलं नाही. पट्टीला बोटही लावलं नाही. आठवत नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. इतक्या वर्षांची गोष्ट, कुणी खोटं म्हटलं नसतं. तिने समोरच्या रस्त्याकडे तोंड केलं.

"माझ्याकडे बघत होतीस," ती म्हणाली. "मी दिव्यामागे उभी होते. तू म्हणालीस, ताई, ही तापलीय गं, हिला घरी नेते. दोनदा म्हणालीस. मी मानेनंच नको म्हटलं."

रस्त्यावरून एक गाडी गेली. 

"बोलले होते तर," ती शेवटी म्हणाली.

"हो. बोलली होतीस."

"बरं."

तिने दोन घास खाल्ले. पट्टी गुंडाळून हातात घेतली.

"ठेवता नाही येणार का तो?" ताईने विचारलं.

"येईल. मुकादम हो म्हणालेत."

"मग?"

"मग रोज बघावा लागेल, ताई."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती आत गेली. हौदातलं पाणी बदलून घेतलं, सोडा घातला, हाताला सोसेल इतकंच गरम आहे ना ते कोपराने पाहिलं. मग तो तुकडा आत सोडला. थर सुटायला जरा वेळ लागतो. तोवर ती उभी राहिली. इतर पट्ट्या ती ब्रशने घासायची, ही तिने अंगठ्याने पुसली, वरून खाली, एकेक चौकट. आधी भिंत गेली, मग टोपरं, मग तिचं स्वतःचं तोंड. मूठ शेवटी गेली. बोटांना काळं लागलं, तेही पाण्यात निघालं. पट्टी तिने बाकीच्यांबरोबर दोरीवर अडकवली आणि चौथ्या रिळाचा डबा उघडला. त्यात पाळणा होता. तो तिने ब्रशने घासला.

"मावशी, त्या डोळेवालीचं पुढे काय झालं असेल हो?" बडबडीने विचारलं.

"म्हातारी झाली असेल," ती म्हणाली.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर आली तर ताई अजून बाकावरच होती. दुपारपासून उठलीच नव्हती. जेवणाचा डबा मांडीवर तसाच. तिने डबा आपल्याकडे घेतला, ताईला हाताला धरून उभं केलं. दोघी भिंतीच्या कडेने चालू लागल्या.

बरंच चालून झाल्यावर ताईने मुलीचं नाव घेतलं. नुसतं नाव. जिभेला ते अजून येतंय का, एवढंच बघितल्यासारखं.  पुढे बोलायचं म्हणून तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

तिने ताईच्या कोपराखालची पकड जरा घट्ट केली.

"सावकाश," ती म्हणाली. "पुढे पायरी आहे."